पाचही नियम पाळले, तरी बाटली चुकीची: जे. जे. मधल्या ग्लिसरीनचा इतिहास

नर्सिंगच्या पहिल्या वर्षात औषध देण्याचे पाच नियम पाठ करून घेतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. इंग्रजीत यांना 'फाइव्ह राइट्स' म्हणतात. पुढे यात योग्य नोंद वगैरे भर पडत गेली, पण गाभा हाच. रावेरच्या ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर असो की मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातली, औषधाचा ट्रे हातात घेतला की हे पाच प्रश्न मनात फिरलेच पाहिजेत.

तुमच्यापैकी बरेच जण 'मेडिकेशन एरर' या विषयावर प्रबंध किंवा प्रकल्प करायचा विचार करताय. अशा प्रकल्पाचा आराखडा बहुतेक वेळा ठरलेला असतो: प्रश्नावली बनवायची, शंभर नर्सेसना पाच नियम माहीत आहेत का ते विचारायचं, टक्केवारी काढायची आणि शेवटी 'प्रशिक्षणाची गरज आहे' असा निष्कर्ष लिहायचा. हे काम निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पण त्यात एक गोष्ट न तपासता धरलेली असते. चूक झाली तर ती शेवटच्या हाताची, म्हणजे रुग्णाला औषध देणाऱ्या हाताची, असं आपण आधीच मानून चालतो. हे गृहीतक किती महागात पडू शकतं हे समजण्यासाठी आपल्याच राज्यातला एक प्रसंग नीट वाचू या.

१९८६: जे. जे. मध्ये काय घडलं

मुंबईचं जे. जे. हे सरकारी रुग्णालय १८४५ पासूनचं. राज्यभरातले गरीब रुग्ण तिथे पोचतात. आपल्या खान्देशातूनही 'इथे काही होत नाही, मुंबईला न्या' असं सांगितलं की लोक भुसावळहून गाडी धरतात, आणि त्यातले अनेक जण जे. जे. लाच जातात.

जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये या रुग्णालयातल्या काही रुग्णांचं लघवीचं प्रमाण अचानक घटलं, मग लघवी बंदच झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. एकूण १४ जण दगावले. हे सगळे एकाच आजाराचे रुग्ण नव्हते. कोणी मेंदूच्या आजारासाठी आलेलं, कोणी डोळ्यांच्या. मूत्रपिंडाचा त्रास ही बहुतेकांची मूळ तक्रारच नव्हती.

या सगळ्यांना तोंडावाटे ग्लिसरीन दिलेलं होतं. आता प्रश्न येईल की ग्लिसरीन कशासाठी? ते रक्तात गेलं की रक्ताची पाणी ओढून घेण्याची ताकद वाढते. त्यामुळे मेंदूतली सूज उतरायला मदत होते आणि डोळ्यातला दाबही कमी होतो. उपचार म्हणून त्यात वावगं काहीच नव्हतं, त्या काळात तो नेहमीचाच होता.

आता पाच नियम लावून बघा. रुग्ण योग्य, कारण ग्लिसरीनची गरज असलेल्यालाच ते लिहून दिलेलं. मार्ग योग्य, तोंडावाटे. मात्रा आणि वेळ डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे. औषध? रुग्णालयात ते ग्लिसरीन म्हणूनच आलेलं होतं. पलंगाशेजारी उभं राहून जेवढं तपासता येतं, तेवढं तपासूनही उत्तर 'बरोबर' असंच आलं असतं.

बाटलीत मात्र औषधी दर्जाचं ग्लिसरीन नव्हतं. ते औद्योगिक वापराचं होतं आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. तपासणीत त्याचं प्रमाण सुमारे १८.५ टक्के निघालं.

डोळ्यांना न दिसणारा फरक

माझं पदव्युत्तर शिक्षण रसायनशास्त्रात झालंय, म्हणून इथे थोडं थांबतो. ग्लिसरीन आणि डायइथिलीन ग्लायकॉल दोन्ही रंगहीन, दोन्ही घट्टसर, दोन्ही चवीला गोड. ग्लिसरीनची घनता साधारण १.२६ आणि डायइथिलीन ग्लायकॉलची १.१२, पण हा फरक वजनकाट्यावर कळतो, औषधाच्या मापात ओतताना नाही. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने दोन्ही सहज वेगळे ओळखू येतात. वॉर्डात ते ओळखायला काहीही साधन नसतं.

डायइथिलीन ग्लायकॉल कारखान्यात द्रावक म्हणून, ब्रेक ऑइलमध्ये आणि तशा इतर कामांसाठी वापरतात. ते स्वस्त असतं. शरीरात गेल्यावर यकृतातली विकरं त्याचं रूपांतर करतात आणि त्यातून तयार होणारं डायग्लायकॉलिक आम्ल मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशी मारतं. हे व्हायला साधारण एक ते तीन दिवस जातात. आज औषध दिलं आणि आजच रुग्ण कोसळला तर कोणालाही संशय येईल. पण परवा लघवी बंद झाली, तर सगळ्यांच्या मनात आधी मूळ आजार बळावल्याचा विचार येतो. विषाला लपायला हे मधले दोन दिवस पुरेसे असतात.

आणखी एक गोष्ट. हे विष १९८६ साली नवं नव्हतं. १९३७ मध्ये अमेरिकेत 'एलिक्झिर सल्फानिलामाइड' नावाच्या औषधात द्रावक म्हणून हेच वापरलं गेलं आणि १०५ जण मेले, त्यात ३४ लहान मुलं होती. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवण्याची अटच नव्हती. उरलेला साठा जप्त करता आला तो लेबलवरच्या एका शब्दाच्या आधारावर: 'एलिक्झिर' म्हटलं की त्यात अल्कोहोल हवं, यात ते नव्हतं, म्हणून लेबल खोटं. त्या मृत्यूंनंतर १९३८ मध्ये तिथे नवा कायदा आला. म्हणजे जे. जे. च्या घटनेआधी जवळजवळ ५० वर्षं हे ज्ञान पुस्तकांत होतं. ते मुंबईतल्या खरेदीच्या कागदापर्यंत पोचलेलं नव्हतं.

कारण सापडलं कसं

संशोधनाच्या दृष्टीने मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वेगवेगळ्या आजारांचे, वेगवेगळ्या डॉक्टरांचे रुग्ण. सगळ्यांमध्ये समान काय? एक औषध. साथरोगशास्त्रात आपण 'समान घटक शोधा' असं शिकतो, त्याचं हे अगदी सरळ उदाहरण. पण समान घटक शोधायला आधी तो कुठेतरी लिहिलेला असावा लागतो.

विचार करा, अशा प्रसंगात कुठले कागद उपयोगी पडतात. पहिला, पाण्याचा हिशेब ठेवणारा 'इनटेक-आउटपुट चार्ट'. किती आत गेलं, किती बाहेर आलं, तासातासाला. हा कागद सिस्टर भरते, आणि बऱ्याचदा विद्यार्थ्यांना तो कंटाळवाणा वाटतो. पण डायइथिलीन ग्लायकॉलचं ठळक लक्षण, लघवी घटणं, त्याच कागदावर आधी उमटतं. दुसरा, औषधाचा चार्ट: काय दिलं, कधी दिलं. तिसरा, वॉर्डाचं इंडेंट बुक: कुठल्या दिवशी स्टोअरमधून काय आलं. आणि चौथा, ज्यावर बॅच नंबर लिहिलेला असतो असा कुठलाही कागद. पहिले दोन कागद सांगतात की औषधाशी संबंध आहे. शेवटचे दोन सांगतात की औषधाच्या *या* साठ्याशी संबंध आहे. हा फरक ओळखता आला नाही, तर चौकशी 'ग्लिसरीन वाईट' एवढ्यावर थांबेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे 'मात्रा जास्त दिली असेल' असं म्हणून त्या पाळीच्या सिस्टरवर येऊन थांबेल.

लेंटिन आयोग आणि मागे जाणारी साखळी

राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने बाटली हातात घेतली आणि उलट्या दिशेने चालत गेला. ही बाटली स्टोअरमध्ये कशी आली? पुरवठा कोणी केला? त्या पुरवठादाराला, म्हणजे अल्पना फार्माला, मंजुरी कशी मिळाली? खरेदी कशी झाली? माल आल्यावर तपासला का? औषध प्रशासनाने परवाने देताना काय पाहिलं? मंत्रालयातून हस्तक्षेप झाला का?

आयोगाने रुग्णालय प्रशासन, अन्न व औषध प्रशासन आणि थेट मंत्र्यांपर्यंत ताशेरे ओढले. १९८८ मध्ये अहवाल जाहीर झाल्यावर तत्कालीन आरोग्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. औषध खरेदी, परवाने आणि तपासणी यांवर महाराष्ट्रात पुढे जेवढी चर्चा झाली, तिच्यात 'लेंटिन' हे नाव एखाद्या मापदंडासारखं येत राहिलं.

हा अहवाल तुम्ही स्रोत म्हणून वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा. चौकशी आयोगाचा अहवाल जबाबदारी ठरवण्यासाठी लिहिलेला असतो. त्याचा प्रश्न 'दोष कोणाचा' असा असतो. आपला प्रश्न वेगळा असतो: 'कुठल्या टप्प्यावर हे कळू शकलं असतं, आणि तिथे का कळलं नाही?' कागद एकच, पण या दोन प्रश्नांसाठी वाचताना वेगवेगळ्या ओळींखाली रेघ मारावी लागते. साक्षीदार आयोगासमोर स्वतःचा बचावही करत असतो, हे विसरून उतारे उचलू नका.

उलटी गोष्ट: बाटली ५३ एन

आता कोणी म्हणेल, मग काय, दोष नेहमी वरच असतो, शेवटचा हात नेहमी निर्दोष? तसंही नाही. मुंबईशीच जोडलेली आणखी जुनी घटना बघा.

वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. परळच्या प्रयोगशाळेतून, जिला आज आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो, ती देशभर जायची. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. १९ ही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीचा क्रमांक ५३ एन.

इथे संशय थेट वर गेला. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेने लसीत कार्बोलिक आम्ल घालणं बंद करून उष्णतेने निर्जंतुकीकरण सुरू केलं होतं. चौकशीत बोट तिकडेच दाखवलं गेलं आणि हाफकिन यांचं संचालकपद गेलं. पण पुराव्यात एक तपशील होता. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढलं होतं. शिवाय जंतू बाटलीत कित्येक आठवडे वाढत असते तर उघडताना दुर्गंधी यायला हवी होती, तशी नोंद नव्हती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हे मुद्दे मांडले आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. पाच वर्षं गेली.

दोन्ही घटना शेजारी ठेवा. मुल्कोवालमध्ये चूक शेवटच्या टप्प्यावर झाल्याचं दिसतं आणि शिक्षा पहिल्याला झाली. जे. जे. मध्ये चूक पहिल्या टप्प्यांवर होती आणि औषध मात्र शेवटच्या हाताने दिलं. म्हणून 'नेहमी वर बघा' किंवा 'नेहमी खाली बघा' असा नियम करता येत नाही. दोन्ही ठिकाणी सत्याकडे नेलं ते छोट्या नोंदींनी: बाटलीचा क्रमांक, पडलेला चिमटा, न आलेला वास, एकाच औषधाची पुन्हापुन्हा दिसणारी नोंद.

सलाईनच्या बाटलीचं काय?

आतापर्यंत तोंडावाटे आणि सुईने दिलेल्या औषधांबद्दल बोललो. शिरेतून दिल्या जाणाऱ्या पोषणात हाच प्रश्न आणखी टोकदार होतो.

आपल्याकडे अशक्तपणा आला की 'ताकदीची सलाईन लावा' असा आग्रह असतो. थोडा हिशेब करू. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण ८५ किलोकॅलरी. रावेरच्या बाजारातलं एक मध्यम केळं त्याहून थोडी जास्तच ऊर्जा देतं, आणि ते सुई न टोचता. पण ज्याचं आतडंच काम करत नाही, त्याला केळं देऊन उपयोग नाही. अशांसाठी १९६० च्या दशकात मोठी झेप घेतली गेली. स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेलाचं शिरेतून देता येईल असं इमल्शन बनवलं. अमेरिकेत फिलाडेल्फियात स्टॅनली डड्रिक यांनी कुत्र्यांच्या पिल्लांना फक्त शिरेतून पोषण देऊन वाढवून दाखवलं. मोठ्या शिरेत नळी टाकल्यामुळे घट्ट द्रावणही देता येऊ लागलं आणि अनेक अर्भकं वाचली.

पण शिरेतून देणं म्हणजे शरीराची सगळी दारं ओलांडून थेट घरात शिरणं. तोंडावाटे काही वाईट गेलं तर जठरातलं आम्ल, उलटी, आतड्याचं अस्तर थोडा तरी अडथळा करतात. शिरेत तसं काहीच नाही.

इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टला १९७२ मध्ये याचा अनुभव आला. शस्त्रक्रियेनंतर ५ टक्के डेक्स्ट्रोज दिलेले पाच रुग्ण मेले. बाटल्यांत जंतू होते. चौकशीत कळलं की त्या बाटल्या आदल्या वर्षी कारखान्यात ऑटोक्लेव्ह करताना खालच्या भागात हवा अडकली होती आणि तिथल्या बाटल्यांना पुरेशी उष्णता मिळालीच नव्हती. तापमान नोंदवणाऱ्या यंत्राने ते दाखवलं होतं. कामगारांना वाटलं यंत्र बिघडलंय. पुढे काही नमुने निर्जंतुकतेच्या चाचणीला गेले आणि पासही झाले, कारण थोड्या बाटल्या तपासून सगळ्या बाटल्यांबद्दल खात्री देता येत नाही. सांख्यिकी शिकताना 'नमुना प्रातिनिधिक हवा' हे वाक्य आपण हजारदा लिहितो. त्याचा अर्थ इथे पाच मृत्यूंमध्ये आहे.

सिस्टर सलाईन लावण्याआधी बाटली उजेडात धरून बघते ना, गढूळपणा आहे का, कण आहेत का, झाकण सैल आहे का? ती या लांबलचक साखळीतली शेवटची तपासणी असते. खूप मोलाची, पण एकटीच्या भरवशावर सोडता येणार नाही अशी. गढूळ बाटली तिला दिसेल. डायइथिलीन ग्लायकॉल दिसणार नाही.

हे जुनं झालं नाही

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमुळे २० हून जास्त मुलं दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. 'कोल्ड्रिफ' नावाच्या त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल ४८ टक्क्यांहून जास्त निघालं. मान्य मर्यादा ०.१ टक्का. या वेळी शेवटचा हात सिस्टरचाही नव्हता, आईचा होता. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, सांगितलेल्या वेळी, झाकणाने मोजून. त्या आईंना 'मात्रा चुकली का' असं विचारणं किती क्रूर ठरेल, हे जे. जे. चा इतिहास वाचलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

मग तुमच्या संशोधनात काय बदलेल?

एक साधा प्रकल्प सुचवतो. प्रश्नावलीऐवजी नोंदी तपासा. तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या रुग्णालयाची परवानगी आणि नैतिकता समितीची मंजुरी घ्या. ठरावीक काळातले केसपेपर यादृच्छिक पद्धतीने निवडा. प्रत्येक पेपरवर शिरेतून दिलेल्या द्रावणाचं नाव, मात्रा, सुरू केल्याची वेळ, लावणाऱ्याची सही आणि बॅच नंबर, या पाच गोष्टी लिहिल्यात का ते बघा. मग उलट दिशेने जा: स्टोअरच्या रजिस्टरमधून एक बॅच निवडा आणि ती कुठल्या कुठल्या रुग्णांपर्यंत गेली हे कागदावरून शोधता येतं का ते पाहा. किती वेळ लागला तेही मोजा. उद्या एखादी बॅच परत बोलवायची वेळ आली तर तेवढाच वेळ लागणार आहे.

यात नर्सला किती येतं याची परीक्षा नाही. तिने योग्य नोंद करावी यासाठी फॉर्मवर रकाना तरी आहे का, रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती रुग्ण आहेत, हे प्रश्न त्यातून आपोआप पुढे येतात.

आणि प्रत्यक्ष वॉर्डात काम करणाऱ्यांसाठी: भारतात २०१० पासून औषध दक्षता कार्यक्रम चालतो. औषधाच्या संशयित दुष्परिणामाची नोंद नर्सही करू शकते, त्यासाठी कारण सिद्ध झालेलं असण्याची गरज नाही. त्या फॉर्ममध्ये बॅच नंबरचा रकाना आहे. तो भरता यावा म्हणून रुग्णाला काही अनपेक्षित झालं तर रिकामी बाटली कचऱ्यात टाकू नका, बाजूला ठेवा आणि तिच्यावरचा नंबर आधी लिहून घ्या.